जिलू म्हणजे ऊब

आठवडी बाजारात उल्कान शिरली, की कोणी ना कोणी तिला हटकायचंच. त्या रविवारी राखातने तराजूत साखर ओतता ओतता, मान वर न करता विचारलं, "काय एजे, यंदा कसं? लोकरीचा कोट बाहेर काढू, की पेटीतच राहू दे?"

"काढ बाई," उल्कान म्हणाली.

"तसं नाही, तुम्ही म्हणत असाल तर पेटीतच ठेवते. तुमचा शब्द म्हणजे काय साधा आहे? मागच्या वर्षी आमच्या ह्यांनी तुमच्या शब्दावर गोवऱ्यासुद्धा निम्म्याच रचल्या."

शेजारी घोड्यांचे नाल विकणारा माणूस हसला. उल्कानही हसली. हसण्यावारी न्यायचं असं तिने ठरवूनच टाकलं होतं. पण साखरेची पिशवी घेऊन निघाली ती मीठ घ्यायचं विसरून, आणि घराकडे जाताना तिची पावलं कोणी पाठीस लागल्यासारखी पडत होती. घरी येऊन तिने खिडकी पुसली, गालिचा झटकला, पुन्हा खिडकी पुसायला घेतली. वर्षभर तिचं असंच चाललं होतं. एका जागी तिला बसवतच नसे.

एजे म्हणजे थोरली बहीण. आत-बाशीच्या खोऱ्यात अर्ध्याअधिक माणसांची ती एजे होती, आणि त्याला कारण तिचा आवाज. टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर, एका खोलीच्या जिल्हा रेडिओवर, ती तीस वर्षं बातम्या वाचत आली होती. पूर्वी प्रत्येक स्वयंपाकघरात भिंतीवर एक तपकिरी डबा असे; त्याला आवाज लहानमोठा करायची एकच चावी. त्या डब्यातून सकाळी उल्कान बोलायची. तिचा चेहरा न पाहिलेली माणसंही तिच्या आवाजावर चहा टाकत, गाई सोडत. बातम्या येत रशियन भाषेत, आणि ती त्या किरगीझमध्ये आणायची. तिचे आईबाप सामूहिक शेतीच्या मेंढ्या घेऊन हिवाळाभर डोंगरापलीकडे अक्सायला राहत, म्हणून ती नारीन शहरातल्या वसतिगृहात वाढली होती. तिथेच तिने रशियन भाषा अशी पक्की केली, की पुढे तिला त्या भाषेची भीती उरली नाही आणि आपल्या भाषेचा अभिमान मात्र वाढत गेला. बातम्यांत एखादा रशियन शब्द तसाच राहिला, तर तिला भातात खडा लागल्यासारखं होई. डोंगरावरच्या धनगराच्या आईला कळलं पाहिजे, अशी तिची कसोटी होती.

मागच्या वर्षी शरद ऋतूत जिल्हा कचेरीतून एक पत्रक आलं. जगाचं हवामान तापत आहे, डोंगराळ मुलखात ते जास्त तापत आहे, असं त्यात लिहिलं होतं. तापण्यासाठी शब्दकोशात एक लांबलचक शब्द होता. तो तिने मोठ्याने म्हणून पाहिला. कोणत्याही धनगराच्या आईने तो उभ्या जन्मात ऐकला नसता. मग तिने तो खोडला आणि वर लिहिलं, जिलू.

जिलू म्हणजे ऊब. चुलीजवळची जागा जिलू, मुलाच्या अंगावर घातलेला नवा कोट जिलू, गोड बोलणारा पाहुणाही जिलू. "आपल्या डोंगरांतले हिवाळे जिलू होत चालले आहेत, असं शास्त्रज्ञ सांगतात," असं तिने रेडिओवर वाचलं. वाक्य तिचं तिलाच आवडलं होतं. किती साधं उतरलं, असं वाटून त्या दिवशी ती घरी जाताना स्वतःशी गुणगुणलीदेखील.

खोऱ्यात तेव्हा घरोघरी खिडक्यांच्या फटी बुजवायचं काम चाललं होतं. थंडीने हाडं गोठणाऱ्या त्या मुलखात हे वाक्य लोकांनी शुभवार्ता यावी तसं ऐकलं. तिचा धाकटा भाऊ बैशेन याने तर अक्सायला न्यायचं सगळं गवत व्यापाऱ्यांना विकून टाकलं. कोणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. रेडिओवर सख्खी बहीण बोलली होती.

जानेवारीत अक्सायवर पाऊस पडला. बर्फ नव्हे, पाऊस. दीड दिवस तो बर्फावर मुरत राहिला, मग आभाळ निवळलं आणि कडाका पडला. एरवी घोडे पुढे चालतात, खुरांनी बर्फ उकरतात, आणि मागून मेंढ्या उघडं पडलेलं गवत खातात. त्या सकाळी घोड्यांचे खूर घसरले. त्यांच्या नडग्या बर्फाच्या कडांनी चिरल्या, आणि पांढऱ्या पठारावर रक्ताच्या रेघा उमटल्या. ह्या प्रकाराला तिथे जूत म्हणतात, आणि तो शब्द घरात कोणी मोठ्याने काढत नाही. मेंढ्या गवतावर उभ्या राहून उपाशी मेल्या. गवत त्यांना दिसत होतं, काचेखाली ठेवल्यासारखं.

बैशेन मार्चमध्ये खाली उतरला तेव्हा त्याच्या मागे कळपाचा एक तुकडाच होता. भांडण त्याने काढलं नाही. फक्त त्यानंतर तो उल्कानच्या फाटकासमोरून जायचा, तो घोड्यावरून न उतरता. तिने रेडिओ सोडला. सोड असं कोणी म्हटलं नव्हतं. थांबा असंही कोणी म्हटलं नाही.

आता पुन्हा शरद आला होता, आणि गावात ज्याचं त्याचं आपापलं शास्त्र होतं. कोणी म्हणे, कझाखांच्या वाळवंटातून रॉकेटं उडतात, ती आभाळाला भोकं पाडतात, त्यामुळे हवा फिरली. कोणी मॉस्कोच्या वाहिनीवर ऐकून आलं होतं, की तापणं वगैरे सगळी युरोपवाल्यांनी उठवलेली आवई आहे, त्यांना आपली यंत्रं खपवायची आहेत. शाळेच्या शिपायाचं म्हणणं, की प्रकल्पाच्या पांढऱ्या गाड्या येतात, मोजमाप करून जातात आणि पुढच्या वर्षी अजून मोठ्या गाडीतून येतात, ह्यातच काय ते समजा. आणि सगळ्यात जास्त चालणारं म्हणणं असं, की हवा तापत असती तर मेंढ्या बर्फाने कशा मेल्या असत्या?

उल्कान हे सगळं ऐके. बोलत नसे. खरं सांगायचं तर तिला त्यातलं प्रत्येक थोडं थोडं पटायचं. रात्रीच्या जेवणानंतर ती ते जुनं पत्रक काढून वाचे, आणि वाचताना वाटे की बरोबर आहे. सकाळी विहिरीवर कोणाशी बोलणं झालं, की वाटे, आपल्याला तरी काय ठाऊक? आपण काय स्वतः मोजायला गेलो होतो?

मायराम आली ती अशाच एका दुपारी. मायराम ही बैशेनची बायको. नवरा येत नसला तरी ती येई, आणि आल्याचं नवऱ्याला सांगतही असे. तिने बूट काढले, गालिच्यावर बसली, आणि चहाचा वाडगा नुसता हातात धरून ठेवला, प्यायली नाही.

"एजे, ते ह्या महिन्याअखेर अक्सायला निघतायत."

"मेंढ्या राहिल्यात तरी किती न्यायला?"

"आमच्या नाहीत फार. पण ह्या वेळी निम्म्या गावाच्या घेतल्यात. राखायला. ह्याच्या पाच, त्याच्या दहा. राखातच्याही आहेत."

"गवत?"

मायरामने वाडगा खाली ठेवला. "तेच सांगायला आले. गवत नाही नेत. रचलंय सगळं अंगणात, बघताय ना जाता-येता तुम्ही. पण वर न्यायला ट्रक लागतो, आणि ट्रकला सगळ्या मालकांनी मिळून द्यायला हवं. मालक म्हणतात, जूत काय दरवर्षी येतं? आयुष्यात एकदा येतं, येऊन गेलं. उकरून खातील मेंढ्या, बापजाद्यांच्या खायच्या तशा."

"आणि बैशेन काय म्हणतो?"

"ते म्हणतात, मी गवत न्यायचं म्हटलं, तर लोक म्हणतील, बैशेन पुन्हा बहिणीच्या रेडिओच्या नादी लागला." मायरामने गालिच्याची कड सरळ केली. "रागावू नका. जसं बोलले तसं सांगितलं."

"नाही रागावत."

"घाट बंद झाला, की मार्चपर्यंत वर काही जात नाही, एजे. यंदाही तसाच पाऊस पडला, तर आमच्या मेंढ्या जातीलच, गावाच्याही जातील. मग आम्ही ह्या खोऱ्यात तोंड दाखवू का? मी सांगून दमले. माझं ते ऐकत नाहीत."

"आणि माझं ऐकेल?"

"तुमचं तर त्याहून नाही," मायराम म्हणाली, आणि ते इतकं खरं होतं, की दोघींनाही हसू आलं.

त्याच आठवड्यात राजधानीहून, बिश्केकहून, एर्निस नावाचा माणूस आला. तो हिमनद्या मोजायचा. गावात सभा घ्यायची असं त्याच्या संस्थेने ठरवलं होतं. एर्निस किरगीझच होता, पण शहरात वाढलेला. त्याची किरगीझ ऐकली की पाच वर्षांची पोरंसुद्धा एकमेकांना कोपर मारत. दुभाषी हवा होता. शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्याला उल्कानच्या दारात आणून सोडलं.

तिने त्याला चहा दिला, बोर्सोकांचा, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा, ढीग पुढे ठेवला. त्याने खाल्लं खूप, बोलला कमी. शेवटी तिनेच विचारलं, "एक विचारू? तुम्हाला हे नक्की माहीत आहे का?"

"कोणतं?"

"हे सगळं."

एर्निसने बोटांची साखर पुसली. "बर्फाचं नक्की माहीत आहे. एकाच हिमनदीवर मी दर उन्हाळ्यात जातो. पूर्वी बर्फाच्या कडेलाच तंबू ठोकायचो. आता त्याच जागी तंबू ठोकला, तर बर्फापर्यंत अर्धी सकाळ चालावं लागतं. हवा तापते आहे, हेही नक्की. ते मी एकट्याने मोजलेलं नाही, जगभर मोजलंय."

"आणि आमचा मागचा हिवाळा?"

"त्याचं मला नक्की माहीत नाही, उल्कान एजे."

हे उत्तर तिला आवडलं, आणि आवडलं म्हणूनच ती अस्वस्थ झाली. नक्की माहीत नाही असं म्हणणारा माणूस घेऊन ती गावासमोर उभी राहणार होती.

सभेला शाळेचं सभागृह भरलं. शेगडी पेटवली होती, पण कोणी कोट काढला नाही. पांढऱ्या उंच टोप्यांच्या रांगा, मागे बायका, आणि सगळ्यांत मागे भिंतीला टेकून हातात चाबूक घेतलेला बैशेन. एर्निसने पडद्यावर चित्रं दाखवली; तोच खडक, तीच दरी, एकात बर्फ काठोकाठ, दुसऱ्यात नुसते दगड. लोक शांतपणे बघत होते. मग प्रश्न सुरू झाले.

"ह्यांना विचारा," ट्रक चालवणारा एक जण म्हणाला, "फोनवर परवाचं हवामान येतं, ते धड नसतं. हे पन्नास वर्षांपुढचं कसं सांगतात?"

एर्निस रशियनमध्ये बोलला, उल्कानने ते पुस्तकी नव्हे, अगदी खोऱ्याच्या बोलीत आणलं. "परवा ऊन की ढग, हे चुकू शकतं म्हणतात. पण जुलै जानेवारीपेक्षा गरम असणार, हे चुकतं का? आम्ही सांगतो ते ह्या दुसऱ्या जातीचं आहे."

"बर्फ वितळला तर ओढ्याला पाणी वाढेल ना? मग बरंच की," मागून एक बाई म्हणाली.

"आज वाढेल. पुढे बर्फच उरला नाही, की कशाचं वितळेल?"

मग झापार अता उठले; अता म्हणजे आजोबा. हे गावातले सर्वांत वयस्कर. ते उठले की बाकीचे बसत. "माझ्या आजोबांच्या वेळी एक हिवाळा बिनबर्फाचा गेला. नद्यासुद्धा गोठल्या नाहीत. तेव्हा मोटारी नव्हत्या, कारखाने नव्हते. तेव्हा कोणी तापवलं होतं?"

एर्निसने मान डोलावली. असे हिवाळे पूर्वीही येत, तो म्हणाला. प्रश्न ते येतात का हा नाही, किती वेळा येतात हा आहे. उल्कानने तसंच सांगितलं. झापार अता बसले नाहीत. ते विचार करत उभेच राहिले.

"माझाही एक आहे," बैशेन म्हणाला. त्याने बहिणीकडे पाहिलं नाही; एजे असंही म्हटलं नाही. "विचारा ह्यांना. माझ्या मेंढ्या उबेने मेल्या, की बर्फाने?"

उल्कानने प्रश्न तसाच रशियनमध्ये सांगितला.

एर्निस बराच वेळ बोलला, आणि आता तो भरभर बोलत होता, अडखळत नव्हता. थंडीत पाऊस पडला तो हवा उबदार झाल्यामुळे, आणि मग तो गोठला. तेव्हा दोन्हींनी मेल्या म्हणा. पण तो एकच हिवाळा जग तापल्यामुळे आला, असं छातीठोक सांगता येत नाही. जूत पूर्वीही येत. एवढंच म्हणता येतं, की भर थंडीत पाऊस पडण्याची शक्यता आता वाढली आहे. यंदा पडेलच, असं मात्र नाही.

उल्कान एका शब्दापाशी अडली.

शक्यता ह्या शब्दाला पुस्तकात प्रतिशब्द होता. बोलण्यात फक्त कदाचित होतं. कदाचित म्हटलं, की सभागृह फुटणार, हे तिला इतकी वर्षं ह्या लोकांशी बोलून पक्कं ठाऊक होतं. आणि शेजारीच दुसरं वाक्य तयार उभं होतं. यंदाही पडणार. दोन शब्द. ती ते रेडिओच्या आवाजात म्हणाली, तर निम्मे लोक घाबरतील, ट्रक ठरेल, गवत वर जाईल. बाजारापुरती रशियन बऱ्याच जणांना येत होती. पण ही भरभर, पुस्तकी रशियन धरून ठेवणारं त्या खोलीत कोणी नव्हतं. खोटं बोलून जर भाऊ वाचत असेल, तर ते खोटं कितीसं मोठं? आणि पाऊस पडला, तर ते खोटंही राहणार नव्हतं.

तिने खालचा ओठ दातांत धरला. मग सोडला.

"दोन्हींनी मेल्या म्हणतात," ती म्हणाली. "ऊब आली म्हणून पाऊस आला, मग तो गोठला. पण तुझाच हिवाळा त्यामुळे आला का, हे ह्यांना नक्की सांगता येत नाही. जूत आधीही येत. आता थंडीत पाऊस आधीपेक्षा जास्त वेळा पडेल, एवढं दिसतं. यंदा पडेल का? तर कदाचित. पडेल, किंवा पडणारही नाही."

आणि सभागृह फुटलंच.

"कदाचित तर माझी गाढवीणही सांगते," शाळेचा शिपाई म्हणाला. "तिला मोठी गाडीसुद्धा लागत नाही."

"अरे थांबा," झापार अता म्हणाले. ते अजून उभेच होते. "चुकोत शिसं ओतलंय म्हणा की."

आता सगळे त्यांच्याकडे वळले. चुको, म्हणजे मेंढीच्या घोट्याच्या हाडांनी खेळायचा खेळ, तिथला प्रत्येक जण खेळलेला होता. लबाड खेळाडू हाडाला भोक पाडून आत शिसं ओततो. मग ते हाड त्याला हव्या त्या अंगावर पडतं. दर वेळी नाही, पण जास्त वेळा. एक डाव बघून कोणाला लबाडी ओळखता येत नाही.

उल्कानने हे एर्निसला सांगितलं. तो इतका खूश झाला, की उठून उभा राहिला. "हेच. अगदी हेच."

"बरं, मग ओतलं कोणी?" झापार अतांनी विचारलं.

"सगळ्यांनीच थोडं थोडं. मोठ्या देशांनी, मोठ्या शहरांनी पुष्कळ."

"म्हणजे शिसं त्यांचं आणि मेंढ्या आमच्या."

एर्निस आपल्या बुटांकडे बघत राहिला. मग उल्कान पुन्हा बोलली, आणि ह्या वेळी ती कोणाचं भाषांतर करत नव्हती. "मागच्या वर्षी रेडिओवर मी जिलू म्हटलं. तो शब्द शास्त्रज्ञांचा नव्हता. पत्रकात नव्हता. तो मी घातला, सोपा म्हणून. तेवढा माझ्या नावावर लावा, ह्यांच्या नको."

मागचं दार वाजलं. तिने मान वर केली, तोवर भिंतीजवळची जागा रिकामी झाली होती.

पुढचे दोन दिवस तिने घर धुऊन काढलं. तिला राहून राहून वाटत होतं, की दोन शब्द म्हणाली असती तर काय बिघडलं असतं? प्रामाणिकपणा करून कोणाचं भलं झालं? गवत अंगणातच होतं. भिंतीपलीकडे ते तिला दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकाबाहेर घोडा थांबला. पुढे गेला नाही. ती बाहेर आली. बैशेन वरच बसून होता, लगाम सैल सोडून.

"सैन्यात दोन वर्षं मी काय करत होतो, आठवतं तुम्हाला?" त्याने विचारलं.

"सायबेरियात होतास, चिता शहरात. थंडीने कान गेले म्हणून लिहायचास."

"कान नाही गेले. वायरलेसवर होतो. अधिकारी भरभर बोलायचे, ते ऐकून लिहून घ्यायचं. दोन वर्षं तेच. त्यानंतर रशियन तोंडातून काढली नाही, पण कानातून गेली नाही." तो घोड्याच्या मानेवरची माशी हाकलत होता. माशी नव्हतीच. "त्या माणसाचा शब्द न् शब्द मला कळला."

उल्कानने फाटकाचा खांब धरला. "मग विचारलंस कशाला?"

"तुम्ही काय सांगता, ते बघायला."

त्याने टोपी मागे सरकवली.

"मायरामने तुमच्यापुढे सगळं ओकलंय, हे मला माहीत होतं. म्हटलं, आता एजे म्हणणार, यंदा पडणारच. तसं म्हणाला असतात, तर मी आज इथे आलो नसतो. कधीच आलो नसतो."

"मनात आलं होतं माझ्या."

"दिसलं की. ओठ चावत होतात."

"थांब," ती म्हणाली आणि आत गेली. दारात आलेला माणूस आत येवो न येवो, घरची भाकरी तोंडाला लावल्याशिवाय त्याला जाऊ देत नाहीत. ती फडक्यात रोटी घेऊन आली आणि वर धरली. बैशेनने वाकून एक तुकडा मोडला, तोंडात टाकला. मग आणखी एक मोठा तुकडा मोडून कोटात ठेवला, आणि हे रीतीत बसत नव्हतं. ते भुकेचं होतं, किंवा दुसऱ्या कशाचं तरी.

"ट्रक ठरवलाय," तो म्हणाला. "एकच. माझाच. मालक यायला तयार नाहीत. म्हणतात, बैशेन, तुला खात्री आहे का रे?"

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, कदाचित."

ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसले. "म्हणजे त्या एर्निसवर विश्वास बसला तुझा?"

"त्याच्यावर? त्याला धड घोड्यावर बसता येत नाही, एजे. परवा मुख्याध्यापकांचा घोडा त्याला ओढ्यात घेऊन गेला." त्याने लगाम उचलला. "शिसं ओतलंय की नाही, मला काय माहीत. पण एकदा हरलेल्या माणसाने पुढच्या डावाला सगळं लावू नये, एवढं कळतं. आणि मागच्या वर्षी तुम्ही तुमचं बोललात. परवा त्याचं बोललात. ते मला पुरे आहे."

घाटात पहिला बर्फ पडायच्या आत गवताचा ट्रक वर गेला. बाजारात त्यावरही बोलणं झालं. राखातने विचारलं, "एजे, गवताबरोबर छत्र्यापण पाठवल्यात का?" आणि तिच्या स्वतःच्या मेंढ्या वर होत्या, तरी ती हसलीच.

डिसेंबर कोरडा गेला. जानेवारीही तसाच लागला. कडक, निळा, अगदी जुन्या हिवाळ्यांसारखा. उल्कान रोज सकाळी दार उघडून आधी दक्षिणेकडे बघे, जिथे डोंगराची भिंत होती आणि भिंतीपलीकडे अक्साय. पाऊस नव्हता. हे चांगलंच होतं. लोक भेटले की म्हणत, "बघा, गेला की नाही हिवाळा सरळ?" ती म्हणे, "हो, देवाची कृपा."

मग एका सकाळी दार उघडलं, तो वारा मऊ लागला. पागोळ्या गळत होत्या. डोंगरावर काळपट ढग उतरला होता, बर्फाचा नव्हे, खाली लोंबणारा, पाण्याचा. ती तशीच, डोक्याला रुमाल न बांधता, अंगणात गेली आणि ढगाकडे बघत राहिली. ये, असं तिच्या मनात आलं. ये एकदाचा.

मागोमाग तिला कळलं, आपण काय मागितलं ते. तिने घरात येऊन दार लावलं, मग पुन्हा उघडलं.

दुपारी वारा फिरला. ढग पूर्वेला सरकला, पागोळ्या जिथल्या तिथे गोठल्या. संध्याकाळच्या आत मायराम धापा टाकत आली. "टळलं, एजे. त्यांचा फोन आला होता टेकडीवरून. वर चार थेंबसुद्धा पडले नाहीत."

"बरं झालं," उल्कान म्हणाली. ती मायरामकडे बघेना. मग तिला ते पोटात ठेववलं नाही. "मायराम, मला तो यायला हवा होता. सकाळी. क्षणभर खरंच हवा होता. एवढ्या मेंढ्या वर आहेत, तू आहेस, तो आहे, आणि मी इथे उभी राहून पाऊस मागत होते."

मायरामने बूट काढले. रुमाल सोडला. चिडेल असं वाटलं होतं, ती चिडली नाही.

"ते पण तेच म्हणत होते फोनवर," ती म्हणाली. "म्हणे, ढग गेला, आणि मला वाईट वाटलं. गवत तसंच पडलंय. वर बाकीचे धनगर येता-जाता हसतात. म्हणत होते, हे कुणाला सांगू नकोस."

दोघी बसल्या. बाहेर अजून उजेड होता, आणि डोंगराकडची खिडकी कोणीच झाकली नाही.